चढ आला की उतरायचं

मंडळी, आज करंजी घाटात एसटी धापा टाकू लागली आणि मी नकळत उतरायला उठलो. बैलगाडी चढाला लागली की माणसांनी उतरायचं, ही आमच्या बेलापूरची रीत.

१९७१च्या थंडीत माथेरानची छोटी गाडी चढावर मंदावली, तेव्हा आमचे वडील असेच उतरले.

"आवो, बसा की!" आई ओरडली.

"इंजिन लई दमलंय. मी येतो चालत."

गाडी पुढे गेली. आई रडकुंडीला आली. पण रूळ डोंगराला वळसे घालत होते आणि वडील पायवाटेनं सरळ चढले. पुढच्या स्टेशनावर धुक्यात हे आधीच उभे! ड्रायव्हरला म्हणाले, "आधी पानी पाजा त्याला."

ड्रायव्हर खरंच इंजिनात पाणी भरायला उतरला होता.

आज कंडक्टरनं दटावलं आणि मी मुकाट बसलो. तुम्ही उतरला असता का?