जावईबापूंचे टायर

माझ्या गाडीचे टायर गुळगुळीत झालेत हे घरात सगळ्यात आधी मला कळलं, कारण ती गाडी मी चालवते. रोज चालवते. सकाळी उस्मानपुऱ्यातून निघायचं, वाळूज मागं टाकायचं आणि गंगापूरच्या आसपास जिथून फोन आला असेल त्या गोठ्यासमोर जाऊन उभं राहायचं. मी गुरांची डॉक्टर आहे. आणि गाय काही डांबरी रस्त्याच्या कडेला सोयीनं आजारी पडत नाही. ती उसाच्या पलीकडं, पाटाच्या पलीकडं, जिथं बैलगाडीसुद्धा विचार करून जाते तिथं आजारी पडते. म्हणून जुनी का होईना, पण चारही चाकं ओढणारी जीप घेतली. गाडी माझ्या नावावर, पंक्चर झालं तर जॅक मी लावते, आणि टायर कोणते घ्यायचे हे माझे वडील विचारत होते माझ्या नवऱ्याला!

नवऱ्याला गाडी मागं घ्यायची म्हटलं की घाम फुटतो. तो घरी बसून कॉम्प्युटरवर काम करतो, औरंगपुऱ्यात काही आणायचं असलं तर स्कूटर काढतो, आणि स्कूटरसुद्धा अशी चालवतो की मागचे रिक्षावाले त्याचा उद्धार करतात. माणूस गुणी आहे, हे आधीच सांगून ठेवते. पुढं मी त्याच्याबद्दल बरंच वाकडं बोलणार आहे.

बाबा एसटीचे ड्रायव्हर होते. सगळी नोकरी स्टिअरिंगवर गेली. आई गेल्यावर, मी एकुलती एक म्हणून, ते आमच्याकडं राहायला आले. साखरेनं त्यांची नजर अधू केली होती, आणि गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. त्यावर ते एक अक्षर बोलले नव्हते. आमच्या घरी आल्यापासून त्यांना एकच चिंता, आपण जावयाच्या घरात राहतो. नवरा बाहेरून आला की ते खुर्चीतून उठायचे. "बाबा, हे घर माझंपण आहे," मी चिडून म्हणायचे. "व्हय माय, तुझंच हाय," ते म्हणायचे, आणि दाराशी चपलांचा आवाज झाला की पुन्हा उठायचे.

ते मी गिळलं. जावयाचा मान असतो, जुनी माणसं अशीच असतात, वगैरे. पण टायर?

झालं असं, एक दिवस काळ्या रानात गाडी अशी घसरली की आडवी होऊन बांधाला टेकली. ट्रॅक्टर बोलावून ओढून काढली. गुडघ्यापर्यंत चिखलात मी घरी आले आणि उभ्या उभ्याच बाबांना सगळं सांगायला लागले. मला वाटलं, आता ते विचारतील. कुठलं चाक फिरत होतं, फोर व्हील आधी टाकला होतास का, स्टिअरिंग कुणीकडं धरलंस. ड्रायव्हरची पोर आहे मी, एवढं तर विचारतील! त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकलं. मग नवऱ्याकडं वळले आणि म्हणाले, "जावईबापू, टायर बदलाय पायजेत. तुम्ही काय म्हणता?"

"बघतो, बाबा," नवरा म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच न्हाणीत गेले आणि पाय इतके घासले की कातडी लाल झाली.

मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी मी घरी यावं, तर दोघं गॅलरीत खुर्च्या टाकून बसलेले. मोबाईलवर टायरचे व्हिडिओ लावलेले. बाबांना नीट दिसायचं नाही म्हणून नवरा वर्णन करायचा. "याच्या खाचा खोल आहेत बाबा, आणि कडेला दात आहेत." "दात तर पायजेतच!" बाबा म्हणायचे, आणि दोघं हसायचे. काय हसण्यासारखं होतं त्यात? पण हसायचे. बाबांचा असा मोकळा आवाज मी माझ्या लहानपणीसुद्धा फारसा ऐकला नव्हता. ड्यूटीवरून यायचे, जेवायचे, झोपायचे. आणि आता कुठल्या कोण माणसाबरोबर, बरं, माझ्याच नवऱ्याबरोबर, हे रबराच्या दातांवर खिदळतायत! वर तिथून मला हाक, "माय, दोन कप चहा टाकतीस का?"

मी जळायचे. खोटं कशाला बोलू? नवऱ्याच्या चहात साखर टाकायची मी मुद्दाम विसरायचे. तो मुकाट्यानं प्यायचा, त्याचाही राग यायचा.

एकदा राहवलं नाही. गॅलरीच्या दारात उभी राहून म्हणाले, "बाबा, ते मोठ्या दातांचे मड टायर आपल्याकडं नकोत. काळी माती त्या खाचांत बसली की चाकाचा नुसता गोळा होतो, मग तो टायर काय अन् दगड काय. आणि माझा निम्म्याहून जास्त रस्ता डांबरी आहे, त्याच्यावर दिवसभर घूं घूं आवाज कोण ऐकणार? खरी भीती पऱ्हाटीची आहे. कापसाची झाडं तोडल्यावर जे खुंट राहतात ना, ते टायरच्या बाजूत घुसतात. बाजू जाड पाहिजे."

इतकं मुद्देसूद मी कॉलेजातसुद्धा कधी बोलले नसेन.

"हं," बाबा म्हणाले. मग मोबाईलकडं मान वळवून, "जावईबापू, ते मोठ्या मापाचं काय सांगत होता तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात मी नवऱ्याला गाठलं. बाबांसमोर मी त्याला अहो म्हणते, एकटा सापडला की अरे. "अरे, तुला टायरमधलं काय कळतं रे?"

"काहीच नाही."

"मग एवढं बोलतोस कशाला?"

"ते विचारतात. जीव रमतो त्यांचा."

"माझ्याशी बोलायला काटे टोचतात का त्यांना?"

"तूच विचार की."

"मी का विचारू? मी मुळीच नाही विचारणार!" असं म्हणून मी पोळी इतक्या जोरात उलटली की ती तव्याबाहेर गेली. हा माझा स्वभाव. बाबांवर गेलाय म्हणतात सगळे.

रविवारी आम्ही तिघं जालना रोडवरच्या टायरच्या दुकानात गेलो. गाडी मीच चालवत नेली, चावी माझ्या बोटात. दुकानदारानं मला पंख्याखालची खुर्ची दाखवली, "मॅडम, आप बैठो, चाय मंगाता," आणि मोर्चा वळवला पुरुषांकडं. "गाडी कौन चलाता साहब?"

"आमचे जावईबापू," बाबा म्हणाले.

मी तिथंच उभी होते! चावी बोटात! नवऱ्याला ठसका लागला. दुकानदारानं त्यालाच विचारलं, चिखल जास्त की रोड जास्त. नवऱ्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं परीक्षेत पुढच्याच्या पेपरात बघतात.

"मी सांगते!" माझा आवाज असा निघाला की बाहेर चाक खोलणाऱ्यानं मान वर केली. "गाडी मी चालवते. ऑल-टेरेन दाखवा, रोडला आणि चिखलाला दोन्हीकडं चालणारे. कंपनीनं दिलंय त्याच मापात. मोठे नकोत, पूर्ण वळवलं की आत घासतात आणि स्टिअरिंग जड होतं. आणि बाजू बघायचीय मला, नक्षी नंतर."

त्यानं तीन प्रकार काढून मांडले. मी खाली बसले, अंगठ्यानं बाजू दाबून बघितल्या, खाचा फार अरुंद असलेला एक बाजूला केला, दुसऱ्याचे दात रस्त्याला फार उंच म्हणून तोही केला. राहिलेल्यावर हात ठेवला. "हे."

दुकानदार बाबांकडं बघायला लागला. बाबा म्हणाले, "एकदा जावईबापूंना विचारा."

"ती म्हणते तेच घ्या," नवरा म्हणाला.

"जावईबापू म्हणत्यात तर ठीक हाय मग."

घ्या! टायर माझ्या पसंतीचे, बोलले मी, गुडघे टेकून बघितले मी, आणि शिक्का कुणाचा? मी फुगून पंख्याखाली जाऊन बसले. चहा आला, तोही घेतला नाही. तिकडं चाकं चढत होती आणि बाबा एकेका टायरवरून तळहात फिरवत होते. खाचांत बोटं घालून मोजल्यासारखं करत होते. नवऱ्याला काहीतरी विचारत होते, तो वाकून सांगत होता. मला एकदाही हाक मारली नाही. इतका जळफळाट मला कुणा बाईवरून झाला नाही कधी, जितका त्या दोघांच्या वाकलेल्या पाठी बघून झाला.

सोमवारी सकाळी मी निघाले, तर बाबा चप्पल घालून दारात. "आज मीबी येतो. टायर बघू कसे चालत्यात." आणि लगेच, "जावईबापू येत्यात का?"

"नाही येत. त्यांची मीटिंग आहे. मीच चालवणार आहे, चालेल का?"

"चल की."

वाळूज गेलं. नवे टायर डांबरावर बारीक घुमत होते, त्रास होण्यासारखं काही नव्हतं. बाबा खिडकीकडं कान करून बसले होते. माझं लक्ष त्यांच्या पायांकडं गेलं. गतिरोधक आला की त्यांचा उजवा पाय खालच्या मॅटवर दाबला जायचा. मी गिअर बदलायच्या आधी त्यांचा डावा पाय दाबला जायचा. प्रत्येक वेळी, माझ्या जरासा आधी.

"माझ्या चालवण्याची भीती वाटते का, बाबा?"

"नाय गं."

"मग ब्रेक कशाला दाबताय?"

त्यांनी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले. शाळेत पोर पकडलं गेल्यावर घेतं तसे. ते बघून तरी मी गप्प बसायला हवं होतं, पण मी कसली बसते! सगळं एकदम बाहेर आलं. "रोज ही गाडी मी चालवते, बाबा. आडवी झाली तेव्हा आत मी होते. आणि तुम्ही मला एकदाही विचारलं नाही, एकदाही! त्यांना विचारता. त्यांच्याशी हसता. दुकानात चक्क सांगितलं की जावई चालवतात. मी काय परकी आहे का तुम्हाला?"

पुढं उसाची ट्रॉली होती, तिच्या मागं मी हळू केली. ट्रॉली ओलांडली तेव्हा बाबा म्हणाले, "तुझ्याशी गाडीचं बोललं की चालवावी वाटती."

मी आरशात मागं पडलेली ट्रॉली बघत राहिले.

"जावईबापूंशी बोललं की नुसतं बोलणं व्हतं," ते म्हणाले. "त्यांना येत नाय, मला दिसत नाय. बसतो दोघं. तू येतीस चिखलानं भरून, इथं अडकले, तिथनं काढली सांगतीस. मला नाय ऐकवत."

"ऐकवत नाही म्हणजे?"

"जळतो मी, माय. तुझ्यावर." समोर रस्त्याकडं बघत ते म्हणाले. "बापानं पोरीवर जळावं का? पण जळतो. काय करू आता?"

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण नंतर. सगळ्यात आधी मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की लाज वाटावी. ज्या माणसानं घाटात भरलेली एसटी वळवली, तो माझ्यावर जळतो! मग मात्र मला समोरचं दिसेना, आणि गाडी चालवताना ते परवडत नाही, म्हणून मी बाहीनं डोळे पुसून घेतले. बाबांना काय बोलायचं? काही होत नाही म्हणायचं? होत होतं की. त्यांना पुन्हा कधीच गाडी मिळणार नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

गंगापूरच्या अलीकडं आम्ही पाटाच्या रस्त्याला वळलो. वळताना मी दुसरा गिअर टाकला. पुढं रस्ता सरळ, मोकळा, लगेच तिसरा टाकावा असा. माझा हात गिअरवर गेला आणि मी तो परत घेतला.

अॅक्सिलेटर थोडा दाबला. इंजिन गुरगुरायला लागलं. सीटखालून बाबांचा डावा पाय पुढं आला आणि मॅटवर दाबला गेला. मी काहीच केलं नाही. उलट अजून थोडा दाबला. आता इंजिन बोंबलायला लागलं. बाबांनी बाहेर बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं, ओठ घट्ट मिटले, पुन्हा बाहेर बघितलं. मी समोर बघत राहिले.

"अगं टाक की तिसरा!" ते एकदम ओरडले. "इंजिन बोंबलायलंय, ऐकू येत नाय का तुला? कवापासनं दुसऱ्यातच वढायलीस! ड्रायव्हर म्हणं! कुणी शिकवलं गं तुला?"

"तुम्ही तर नाही शिकवलं," मी म्हणाले.

मला वाटलं, मी जास्तच बोलले. मग ते सीटवर पुढं सरकून बसले आणि दोन्ही पाय मॅटवर नीट ठेवले.

"अॅक्सिलेटर सोड."

"सोडला."

"क्लच दाब. पूर्ण दाब, अर्धा नको."

"दाबला."

"टाक आता."

मी टाकला.