सोवळ्यातला स्वेटर

रत्नागिरीत थंडी पडत नाही. ही गोष्ट माझ्या लक्षात आली तोवर माझे चार स्वेटर विणून झाले होते.

दोष माझा एकटीचा नव्हे. लग्न होऊन मी रत्नागिरीला आले, तेव्हा आमचे हे शाळेत भूगोल शिकवत आणि रविवार आला की डोंगर चढत. डोंगरावर काही काम असे म्हणाल तर नाही. वर जायचं, दम खायचा, खाली यायचं! लग्नाला महिना झाला नाही तोच मलाही नेऊ लागले. (पहिल्या रविवारी आळीतल्या यच्चयावत बायका आम्हाला पाहायला दारात उभ्या होत्या. मास्तर बायकोला माहेरी पोचवतायत, असा त्यांचा समज झाला. संध्याकाळी मी परत आले तेव्हा त्या फार हिरमुसल्या.)

मला डोंगर आवडले, हीच पंचाईत. त्याच सुमारास मिशनच्या शाळेतल्या मडम दुपारी बायकांना विणकाम शिकवत, तेही आवडलं. मग दोन्ही वेडांचा संगम झाला. डोंगरासाठी लागणाऱ्या वस्तू मी स्वतःच्या डोक्यानं काढून विणू लागले. यांच्यासाठी गुडघ्यापर्यंत मोजे. तांब्यासाठी लोकरीची पिशवी. यांच्यासाठी कान झाकणारी टोपी.

"अगं, चैत्र आहे," हे म्हणाले.

"वर वारा असतो," मी म्हटलं.

यांनी ती टोपी डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत घातली आणि खाली उतरल्यावर डोकं विहिरीवर नेऊन धुतलं.  भूगोलाची माणसं सोशिक असतात.

पुढच्या वर्षी मडमनी बायकांच्या हातकामाचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. ज्या बाईचा नमुना पहिला येईल, तो तिच्या नावानिशी मुंबईच्या एका मासिकात छापून येणार होता. छापून! नावानिशी! आमच्या घरात तोवर फक्त लग्नपत्रिकेवर नाव छापलं जाई, आणि त्यातही बायकांचं 'चि. सौ. कां.' एवढ्यावरच भागत असे. मी त्या दिवसापासून जेवताना देखील सुया खाली ठेवीना.

नमुना माझा होता, अगदी डोक्यातून उतरलेला. स्वेटर, तोही रत्नागिरीचा नकाशा! खाली घेराला निळा समुद्र, त्याच्यावर हिरवी आमराई, छातीवर तांबडे डोंगर. शिवाय एक करामत. लोक पाठ, पोट, बाह्या निरनिराळ्या विणतात आणि मग सुईदोऱ्यानं एकत्र शिवतात. मी चार सुया घेतल्या आणि गळ्यापासून खाली गोल गोल विणत सबंध स्वेटर उतरवला. कुठं शिवण म्हणून नाही!

हे मी स्वतःशी ठेवलं असतं तर आज हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मी ते आत्याबाईंना सांगितलं.

आत्याबाई म्हणजे यांच्या आत्या. वय सत्तरीच्या घरात, बालपणीच विधवा झालेल्या, आणि सोवळ्याच्या बाबतीत अशा कडक की आमची मांजर देखील त्यांच्या स्वयंपाकघराला वळसा घालून जाई. मी स्वेटर उलटा करून दाखवला.

"बघा आत्याबाई, एकही शिवण नाही."

"नाही?" आत्याबाई पुढे वाकल्या. "नि लोकर ना गो ही?"

"शुद्ध लोकर!" मी मूर्खासारखं म्हटलं.

आत्याबाईंचा चेहरा उजळला. त्यांचं शास्त्र सरळ होतं. लोकरीला विटाळ नसतो, म्हणून लोकरीची धाबळी नेसलेली सोवळ्यात चालते. सोवळ्यात चालत नाही ते शिवलेलं. म्हणूनच सोवळ्यात चोळी घालता येत नाही, नि बायकांना पदर लपेटून वावरावं लागतं. आणि इथं समोर अंगभर कपडा, बाह्यांसकट, लोकरीचा, बिनशिवणीचा!

"पन्नास वर्षं वाट पाहिली हो याची," असं म्हणत आत्याबाईंनी काठीच्या टोकानं स्वेटर माझ्या हातातून उचलला आणि सोवळ्याचे कपडे वाळत घालायच्या उंच वलणीवर टाकला. तिथल्या वस्तूला हात लावायची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती.

"आत्याबाई! रविवारी प्रदर्शन आहे!"

"असू दे की. शुक्रवारी देवीचा नैवेद्य आहे ना? माझा खांदा धरलाय, मला ताट पेलणार नाही. तू हा अंगात घाल, नैवेद्य डोंगरावर पोचव. मग तुझा तू घे. मला काय करायचाय!"

मी आशेनं यांच्याकडे पाहिलं. नैवेद्य यांनीही नेला असता, सोवळ्याचा रेशमी कद नेसून.

"अनवाणी?" हे म्हणाले. "मी बुटांशिवाय डोंगर चढत नाही."

"मेला साहेब," आत्याबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

तर चैत्रातल्या शुक्रवारी, ऊन चढलेलं असताना, मी अंगात लोकरीचा स्वेटर घालून, दोन्ही हातांवर पुरणपोळीचं ताट तोलत, अनवाणी डोंगर चढू लागले. पायाखाली तापलेला कातळ, म्हणजे पोळ्यांऐवजी मलाच तव्यावर टाकलेलं! पाठीला लोकर अशी चावत होती की काय सांगू. खाजवायला हात रिकामा नाही. ताट जमिनीवर टेकायचं नाही. सोवळ्यात असल्यानं कोणाला शिवायचं नाही. पुढे आत्याबाई टणाटण चाललेल्या (खांदा धरला होता, पाय नव्हेत), मागे हे, बूट घालून, छत्री घेऊन, चार हात अंतर राखून.

अर्ध्या वाटेवर यांनी घसा खाकरला.

"अगं, तुला काही जाणवतंय का?"

"मरण जाणवतंय."

"तसं नव्हे. तुझ्या मागून एक निळा दोरा येतोय. खालच्या करवंदीच्या जाळीपासून."

 वरून खाली विणलेला स्वेटर खालूनच उसवतो, हे मला नको इतकं माहीत होतं. शेवटची गाठ करवंदीच्या काट्याला अडकली होती, आणि प्रत्येक पावलागणिक मी आपल्या हातचं काम आपल्याच पायांनी उसवीत चालले होते!

"अहो, धरा ना तो!"

यांनी हात पुढे केला.

"खबरदार!" वरून आत्याबाई ओरडल्या. "दोऱ्यावरून विटाळ चढेल, नि सगळा नैवेद्य परत करावा लागेल!"

"आत्ये, लोकरीला विटाळ नसतो असं तूच म्हणतेस ना?"

"वलणीवर असते तेव्हा. आता ती बाईच्या अंगावर आहे."

"मग तुम्ही तोडा, आत्याबाई!" मी रडकुंडीला आले. "तुम्ही सोवळ्यात आहात!"

"देवीच्या वाटेवर दोरा तोडायची आपल्याकडे चाल नाही." (ही चाल त्या क्षणी जन्माला आली, असं माझं ठाम मत आहे.) "नि थांबू नकोस. ऊन माथ्यावर यायच्या आत ताट देवीपुढे पोचायला हवं!"

थांबले तर नैवेद्य जातो, चालले तर नाव छापून यायचं जातं. मी चालले. सून होते मी, दुसरं काय करणार? मागून यांचा आवाज, वर्गात यावा तसा:

"समुद्र निम्मा संपला."

"गप्प बसा हो!"

थोड्या वेळानं, "समुद्र संपला. आता किनाऱ्यालगतची आमराई लागली."

"अहो, मी ताट फेकून मारीन!"

"फेकू नकोस, पुरण चांगलं झालंय. वास येतोय."

देवळाच्या पायऱ्या चढले तेव्हा अरबी समुद्र डोंगरभर पसरला होता आणि आमराईची जेमतेम दोन बोटं उरली होती. स्वेटरची धार पोटावर आली होती. पदर होता म्हणून लाज राहिली. ताट देवीपुढे ठेवलं. आत्याबाईंनी डोळे मिटून हात जोडले, तसे मीही जोडले आणि देवीला जे काही म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

उतरताना मात्र यांनी सगळा दोरा गोळा केला. काटे, करवंदीची पानं, एक मुंगळा, सगळ्यासकट गुंडा करून खिशात घातला. बूट काढले नसतील, पण गुंडा केला, हे मान्य करायला हवं.

शनिवारी सकाळपासून मी आमराई आणि समुद्र पुन्हा विणायला बसले. आत्याबाई येऊन शेजारी टेकल्या. 

"शिवण नाही हो कुठे," त्या हळूच म्हणाल्या. "झाला म्हणजे मला दाखव हो एकदा."

झालं!  दाखव म्हणजे काठी. काठी म्हणजे वलणी. आणि वलणी म्हणजे पुढच्या नैवेद्यापर्यंत स्वेटर गेला! संध्याकाळी शेवटचा टाका उतरवला आणि मला एक युक्ती सुचली. (माझ्या युक्त्यांचा इतिहास पाहता इथं कोणीतरी मला थांबवायला हवं होतं.) मी सुईत पांढरा दोरा ओवला आणि काखेत, आतल्या बाजूनं, बोटभर शिवण घातली. विणकामात माझा हात कितीही चालो, शिवणात माझे टाके दारू प्यायल्यासारखे पडतात. पण तिथं कोण बघतंय!

स्वेटर घेऊन मी आत्याबाईंपुढे गेले.

"आत्याबाई, वाईट वाटतं हो. पण याला शिवण घालावी लागली. आता सोवळ्याला चालायचा नाही!"

"बरं," आत्याबाई म्हणाल्या आणि फुलवात वळू लागल्या. एवढंच!

रविवारी प्रदर्शनात माझ्या स्वेटरभोवती ही गर्दी! समुद्र पाहून बायका चकित झाल्या. चिठ्ठीवर मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'संपूर्ण बिनशिवणीचा. नमुना स्वतःचा.' मडम आल्या, चष्मा लावला, चिठ्ठी वाचली. स्वेटर उलटा केला. बाही उलटी केली. काख उलटी केली.

"बाई," मडम आपल्या ठेवणीतल्या मराठीत म्हणाल्या, "हे काय आहे?"

मी काय सांगणार? आमच्या आत्याबाईंचं सोवळं मोडायला घातलेली शिवण आहे, म्हणून?

"इथं लिहिलं शिवण नाही. इथं शिवण आहे. आणि," मडमनी चष्मा आणखी जवळ नेला, "फार वाईट शिवण आहे."

पहिला नंबर बाजाच्या पेटीच्या खोळीला मिळाला.

घरी येऊन मी आत्याबाईंपुढे बसले आणि मोठ्यानं रडत सगळं कबूल केलं. त्यांनी वात खाली ठेवली.

"अगो वेडे, तुझा कशाला घेईन मी? नैवेद्य पोचला की तुझा तू घे म्हटलं होतं ना! माझा खांदा पहाटे गार पाण्यानं धरतो, तसलाच एक माझ्या मापाचा विणशील का विचारायचं होतं. म्हणून दाखव म्हटलं. तू आपली शिवण-शिवण करत आलीस, मला वाटलं आता बिनशिवणीचं जमत नसेल बिचारीला."

आत्याबाईंचा स्वेटर मी आठ दिवसांत विणला. पांढरा, नकाशाशिवाय. तो त्या शेवटपर्यंत सोवळ्यात वापरत होत्या, आणि त्यांचं पाहून, माझ्याकडून विणून घेऊन, आळीतल्या आणखी सहा जणी.

राहिलं माझं नाव छापून यायचं. तेही आलं. नमुना नाकारल्यावर मडमना माझी दया आली आणि त्यांनी मला आपल्या दुसऱ्या वर्गात घातलं. दोन महिन्यांनी त्याच मासिकात मिशनच्या वर्गांची हकीकत आली, आणि तिच्या खाली, आडनावासकट, स्पष्ट ठशात, माझं नाव होतं. आत्याबाईंनी तो अंक आळीभर फिरवून प्रत्येकीला बोट ठेवून दाखवला. त्यांना वाचता येत नव्हतं. आळीतल्या बाकीच्या सगळ्यांना येत होतं, आणि त्या सगळ्यांनी नावाच्या वरची ओळ वाचली: 'शिवणवर्ग. अगदी नवशिक्या.'