कशानं गेली

लढाईच्या दिवसांत मी देवळाली प्रवरेजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर होतो. त्या उन्हाळ्यात गावात उलट्या-जुलाब सुरू झाले आणि तिसऱ्या दिवशी माझी बायको गेली. चौथ्या दिवशी नगरहून डॉक्टर आले. गावात नीट लिहिणारा मीच, म्हणून त्यांनी मला घरोघर पाठवलं. कोण आजारी, पाणी कुठलं, धान्य कुठलं, नुकत्याच झालेल्या पाटलांकडच्या लग्नात कोण जेवलं, ते सगळं विचारून यायचं. मी गेलो. नाही म्हणावं हे सुचलंच नाही.

बहुतेक आजारी घरं गावच्या आडाचं पाणी पीत होती. पण मळ्यातलं एक घर स्वतःच्या विहिरीचं पाणी पिणारं, तिथंही दोघं अंथरुणावर. ते लग्नात जेवले होते. एक आजारी म्हातारी लग्नाला गेलीच नव्हती. तिच्या घरी रेशनची काळपट ज्वारी होती. आणि सुतार हे सगळं खाऊन-पिऊन रंधा मारत बसला होता. एका बाईनं आधी लग्नाला गेले म्हणून सांगितलं, मग न्हाई म्हणाली.

आमच्या घराचं मी शेवटी लिहिलं. पाणी आडाचं. उकळून घेऊ, असं बायको म्हणाली होती. सरपण कुठून आणू, असं मी म्हणालो होतो. ज्वारी मीच रेशनवरून आणलेली. लग्नाला तिला जायचं नव्हतं, पाटलांना वाईट वाटेल म्हणून मी नेलं. मीही तेच खाल्लं, तेच प्यालो. मला काही झालं नाही.

डॉक्टरांनी वही दोनदा वाचली. "पाणी असेल, ज्वारी असेल, जेवण असेल. दोन मिळूनही असेल," ते म्हणाले. "एकावर बोट ठेवता येत नाही."

त्यांनी आडात लाल औषध टाकायला लावलं आणि त्याच दिवशी ज्वारी पुरायला लावली. आठवड्यात साथ थांबली. कशानं, तेही कळलं नाही.

दहाव्याला सासू आली. ती माझी सख्खी मामी. जवळ बसून म्हणाली, "गावभर तूच लिवत फिरलास म्हनं. माजी पोर कशानं गेली?"

तिला वाचता येत नव्हतं. मी आमच्या घराचं वाचून दाखवलं, सरपणाचंसुद्धा.

"यातलं कंचं?"

"न्हाई कळलं, मामी."

दुसऱ्या दिवशी लेकीची लुगडी बोचक्यात बांधून ती गेली. मी शाळेत गेलो, हजेरी घेतली, पाढे म्हणून घेतले. रडू आलं नाही. पुढंही कितीतरी वर्षं आलं नाही.