अण्णा, हनुमंतप्पाच्या मेंढ्या आणि माझे फिनेल

पन्नासच्या दशकात मी बेळगावहून बंगळुरातील पशुरोग प्रयोगशाळेत सहायक म्हणून आलो. पहिल्याच दिवशी डॉ. तुळजाराम राव मोहिते मला मल्लेश्वरममधील आपल्या घरी जेवायला घेऊन गेले. आम्हा सर्वांचे ते अण्णा. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड शब्द सुखाने नांदतात. मी वयाने लहान, हुद्द्याने त्याहून लहान; तरी आजतागायत ते मला ‘अहो पाटील’ म्हणतात.

त्या वर्षी शहराबाहेरच्या पीण्या या गावाच्या माळावर (तेव्हा तिथे कारखाने नव्हते, मेंढ्या होत्या) हनुमंतप्पा नावाच्या धनगराच्या मेंढ्या दिवस भरण्याआधीच गाभडू लागल्या. तो एक मेलेले पिल्लू आणि त्याच्यामागून पडलेली वार घेऊन आमच्याकडे आला. अण्णा फिरतीवर होते. मी आधी एका दवाखान्यात काम केलेले, तिथे सगळ्या दुखण्यांवर पहिला उपाय म्हणजे फिनेल. मी पिल्लाचे जठर काढले आणि वारेसकट फिनेलच्या पाण्यात लख्ख धुऊन ठेवले.

तपासणीत अर्थातच काही सापडले नाही. हनुमंतप्पा म्हणाला, “एकदा गाभडलेली मेंढी पुन्हा गाभडणार, स्वामी. उद्या खाटीक येतोय. गाभडलेल्या सगळ्या देऊन टाकतो.” कळपाचा निम्माशिम्मा भाग जाणार होता. त्याचे घर त्यावरच चालायचे.

दुपारी अण्णा परतले. नमुना पाहून त्यांनी विचारले, “हा इतका स्वच्छ कसा?” मी खरे ते सांगितले. नोकरी गेली, असेच धरून चाललो होतो.

अण्णा हसले. “अहो पाटील, ज्यांना शोधायचं त्या जंतूंनाच आंघोळ घातलीत! सरी, असू दे. चला, माळावर जाऊ.”

माळावर अण्णा एवढेच म्हणाले, “हनुमंतप्पा, चूक आमच्या प्रयोगशाळेची. स्वल्प थांबा.” माझे नाव त्यांनी घेतले नाही, मी शेजारीच उभा असूनही. त्याच सकाळी आणखी एक मेंढी गाभडली होती. ते पिल्लू न उघडता, न धुता आम्ही आणले. अण्णांनी त्याच्या जठरातले पाणी काचपट्टीवर घेतले आणि मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावले. बारीक, वाकडे जंतू भराभर वळवळत होते.

संध्याकाळच्या आत आम्ही पुन्हा माळावर.

अण्णा म्हणाले, “मेंढ्या विकू नका. या जंतूंनी एकदा गाभडलेली मेंढी पुढच्या खेपेला बहुतेक सुखरूप विते. तिच्या अंगात ताकद येते. वार, मेलेली पिल्लं खोल पुरा. गाभण मेंढ्या वेगळ्या ठेवा, त्यांचं पाणीही वेगळं.”

“आणि नाही व्याल्या तर?”

“तर मला जाब विचारायला या.”

हनुमंतप्पाने खाटकाला परत पाठवले. पुढचा हंगाम येईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

आणि एके सकाळी तो खरेच आला. कांबळ्यात जिवंत कोकरू! “एकही गाभडली नाही, स्वामी.” मी मटकन स्टुलावर बसलो, डोळे भरून आले, हसूही आले. कोकराने तेवढ्यात फरशी घाण केली. अण्णा म्हणाले, “पाटील, आता आणा तुमचं फिनेल!”

अण्णांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. माझ्या हाताखाली आता नवे सहायक आहेत. त्यांच्यातल्या कुणाचे चुकले की बाहेरच्यांना मीही सांगतो, चूक आमच्या प्रयोगशाळेची. आत आल्यावर मात्र अण्णांसारखे हसायला मला अजून जमत नाही. अण्णा, तुम्हांला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आमच्या चुका अजून संपलेल्या नाहीत.