विमानाचं दार मोजायचं राहिलं

कॅन्टीनच्या फळ्यापुढं थांबलात ना, भावांनो? मग चहा संपेपर्यंत एवढं वाचाच.

मद्रासच्या गिऱ्हाइकाचं मशीन आपल्या स्पिंडलवाचून, त्या फिरत्या दांड्यावाचून, बंद पडलंय. काल साहेबांनी नकाशावर पट्टी लावली. म्हणाले, "मुंबईहून हवेतनं हजारेक किलोमीटर. विमानाला दोन तास. उद्या संध्याकाळी माल तिथं!"

आज पहाटे मी आणि टेम्पोवाले युसूफभाई चिंचवडहून निघालो. घाट उतरून वेळेत सांताक्रूझच्या विमानतळावर पोचलो. तिथला माल चढवणारा पेटीकडं बघून हसला. "ही विमानाच्या दारातनं जायची नाही."

पेटी मीच ठोकलेली. नेहमीसारखी, ट्रकच्या मापानं!

"परत नेऊ या का?" मी विचारलं.

युसूफभाई भडकले. "परत? अहो राव, घाट काय मजा म्हणून उतरलो? करवत कुठं मिळते ते बघा!"

जवळच्या सुताराकडून करवत आणली. पेंढा उपसला, फळ्या कापल्या आणि निम्म्या मापाची पेटी तिथंच रस्त्यावर ठोकली. विमान उडालं तेव्हा स्पिंडल आत होता.

अंतर मोजलं, वेळ मोजला, दार कुणीच मोजलं नाही. ते माप मी सुतळीला गाठी मारून आणलंय. उद्या पॅकिंग खात्यात तेवढी चौकट उभी करणार. तिच्यातनं पार झाल्याशिवाय विमानाची एकही पेटी गेटबाहेर जाणार नाही, साहेबांची सही असली तरी!

चौकट धरायला कोण येतंय?