वायनरीच्या पडवीत

माघातला रविवार. चाखण्याचे माणशी दोनशे रुपये, ते मी आधीच दिले. हजर होतो मी, माझी बायको सुनंदा आणि नाशिकजवळची ती घरगुती वायनरी चालवणारं जोडपं. त्यांच्याच पडवीत मेणकापडावर ग्लास आणि भाजलेले शेंगदाणे मांडले होते.

"ही घेत नाही," मी सवयीने सांगितलं.

"त्यांना विचारलंत का, दादा?" म्हणत मालकीणबाईंनी तिच्या ग्लासात ओतलीच.

तीन प्रकार झाले. मला तिन्ही सारखेच तुरट लागले. सुनंदा मात्र घोट तोंडात घोळवून म्हणाली, "पहिली छान. तिसरी उगाच गोड, तुमच्या थोरल्या वहिनींसारखी."

सगळे हसले. मी गोंधळलो. भाजी असो की पडद्यांचा रंग, सव्वीस वर्षं जिचं उत्तर 'काहीही चालेल' असंच होतं, तिला इतकं नेमकं कधीपासून कळायला लागलं? की मीच विचारता विचारता ठरवून मोकळा होत होतो? ग्लासमधून पडलेला उन्हाचा लालसर ठिपका मेणकापडावर हलत होता.

"पहिलीची एक बाटली घेऊ या?" मी शेवटी विचारलं.

"दोन," ती म्हणाली.

मी पाकीट काढेपर्यंत तिने स्वतःच्या पर्समधले सोळाशे रुपये मालकीणबाईंच्या हातावर ठेवले होते.