रुमालाखालचं समाधान

ज्याच्या हातात तुमची भाकरी आहे, त्यानंच तुमचा हात धरून "काय, सुखी हाईस न्हवं?" असं विचारलं, तर वाचकहो, तुम्ही काय सांगाल?

मला उत्तर ठाऊक आहे. आमच्या निपाणीत मी ते एका दुपारी ओळीनं उभ्या राहिलेल्या माणसांच्या तोंडावर पाहिलं आहे.

लढाई संपली होती, तरी रॉकेल अजून रेशनवरच मिळत होतं, त्या दिवसांतली ही हकीकत. पेठेच्या मागं एक लांबट कौलारू इमारत आहे, तीच आमची संस्था. पोरांना बेळगावला किंवा कोल्हापूरला ठेवायची ऐपत नसलेल्या घरांनी ती वर्गणीवर उभी केली. सकाळी मॅट्रिकचे वर्ग, दुपारी टायपिंग आणि जमाखर्च, दिवेलागणीला बिडीकामगार बायकांचा वर्ग. विद्यापीठाशी तिचं नातं काही नव्हतं, पण गाव कौतुकानं तिला 'कालेज' म्हणायचं. मीही तिथं शिकायला गावाबाहेरच्या वस्तीवरून सायकल मारत यायचो. माझ्या पिशवीत पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त असत. मी वाचायला शिकलो तेच मुळी पत्रकांवर. सभा संपल्यावर मैदानात पडलेली पत्रकं चुलते गोळा करून आणत, धूळ झटकत, आणि मी ती कंदिलाजवळ बसून मोठ्यानं वाचत असे. त्यामुळं छापलेलं सगळं खरं असतं आणि खरं सगळं ओरडून सांगायचं असतं, अशी माझी समजूत झाली होती.

संस्थेचे अध्यक्ष तंबाखूचे व्यापारी. बिडीचा कारखानाही त्यांचाच. घरात कन्नड, पेठेत मराठी, आणि सगळ्या गावाला ते आण्णा. त्यांना राक्षस ठरवणं मला सोपं आहे, पण ते खोटं होईल. इमारतीची कौलं त्यांनी दिली. विहीर त्यांनी खोदून दिली. फक्त दिलेली वस्तू दिल्यावर दुसऱ्याची होते, हे त्यांच्या मनाला कधी पटलं नाही. त्या विहिरीचं पाणी दोन माठांत भरलं जाई. एक माठ सगळ्यांचा, आणि दुसरा, कोपऱ्यातला, 'त्या' पोरांचा. त्याबद्दल विचारलं की आण्णा म्हणत, "पाणी येकाच हिरीचं हाय की रं! मग तक्रार कशाची?"

दिवेलागणीचा वर्ग एकटे मास्तर चालवत. ते खानापूरकडचे, चळवळीत तुरुंग भोगून आलेले. बोलायला हळू आणि हट्टाला कडक. तो वर्ग मागच्या पडवीत भरे. पडवीच्या भिंतीपलीकडं आण्णांची वखार, त्यामुळं हंगामात तंबाखूची धूळ उडून फळ्यावर बसायची. बायका खोकत खोकत बाराखडी म्हणत.

भांडणाचं मूळ याच वर्गात होतं. कारखान्यात तपासनीस बिड्या बघतो, "ही ढिली, ही वाकडी" म्हणत मुठी भरभरून बाजूला टाकतो. या टाकलेल्या मालाला छाट म्हणतात. छाटीची मजुरी मिळत नाही, आणि छाटलेली बिडीही बाईला परत मिळत नाही. ती कुठं जाते? हा प्रश्न इतकी वर्षं कुणी विचारला नव्हता. मास्तरांच्या वर्गात बेरीज-वजाबाकी शिकलेल्या बायकांनी विचारला. त्या दिवसापासून आण्णांना पडवी वखारीसाठी हवीशी वाटू लागली.

"मास्तर," ते एकदा आमच्या देखत म्हणाले, "त्यास्नी अक्षरं शिकवा. उलट बोलायला कशाला शिकवतासा?"

"मी बेरीज शिकवली, आण्णा," मास्तर म्हणाले. "उलट बोलायला बेरजेनंच शिकवलं."

अशात शिक्षणखात्याकडून निरोप आला. संस्थेला मिळणारी सरकारी मदत चालू ठेवायची का, हे बघायला साहेब येणार होते. विद्यार्थी आणि शिक्षक संस्थेबद्दल कितपत समाधानी आहेत, हे त्याआधी अजमावून ठेवा, असं त्यांचं म्हणणं. हेडमास्तरांनी सुचवलं, प्रत्येकानं निनावी चिठ्ठी टाकावी. आण्णांनी नकारार्थी मान हलवली.

"चिठ्ठीवरचं अक्षर वळकू येतं. पोरं भितील. आमच्याकडं झाकल्याली रीत हाय की."

ती रीत म्हणजे रुमालाखालचा सौदा. आमच्या पेठेत तंबाखूचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसतात, हातांवर रुमाल टाकतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. भोवतालच्या माणसांना फक्त रुमाल हललेला दिसतो. आण्णांनी ठरवलं, ज्याचं पूर्ण समाधान असेल त्यानं पाच बोटं द्यायची, मुळीच नसेल त्यानं एक. ते स्वतः भिंतीकडं तोंड करून बसतील, हात मागं धरतील, त्यावर रुमाल. कोण आलं ते त्यांना दिसणार नाही. हेडमास्तर बाजूला बसून आकडा लिहून घेतील.

सगळ्यांना हे फार आवडलं. आमच्यातली निम्मी पोरं तंबाखू पिकवणाऱ्या नाहीतर विकणाऱ्या घरांतली. खरा भाव रुमालाखालीच कळतो, हे आम्ही रांगत्या वयापासून ऐकलेलं. रुमाल भोवतालच्या गर्दीपासून लपवतो, समोरच्यापासून नव्हे, एवढी साधी गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही.

संध्याकाळच्या वर्गाला बोलावणंच नव्हतं. "त्यांची नावं हजेरीपटावर न्हाईत," असं कारण. त्या वर्गातली एक आक्का, जिनं छाटीचा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता, ती मला रस्त्यात भेटली.

"तुमास्नी इचारलं न्हाय म्हणं, आक्का?"

"बरं झालं की. आमची बोटं बिडीत गुंतल्याली. आण्णानं धरली असती तर त्येंच्या हाताला दोरा गुंडाळला असता!"

ती हसली आणि हसता हसता खोकत राहिली. "व्हय रं, पर मास्तर जाणार न्हाईत न्हवं?" हा प्रश्न तिनं दोनदा विचारला.

ठरल्या दिवशी व्हरांड्यात आण्णा बसले. पांढरा रुमाल, भिंतीकडं तोंड. ओळ सुरू झाली. पहिलं पोरगं मॅट्रिकचं. त्यानं हात घातला, आणि रुमाल हलू लागला. हलतच राहिला. पोरगं बावरलं, मग ओशाळून हसलं. आण्णा भिंतीला म्हणाले, "चार." हेडमास्तरांनी चार लिहिले.

माझ्यापुढं उभ्या असलेल्या दोस्ताचीही चारच लिहिली गेली. तो परत आला तेव्हा मी विचारलं, "किती दिलीस?"

"दोन."

"मग चार कसं झालं?"

"आण्णानी वडून काढली की रं. आधी दोन दाबली, मग तिसरं उलगडलं, मग चवथं." तो खांदे उडवून म्हणाला, "सौद्यात येवडं तर चालतंच. पहिल्या बोलीवर कोन अडून बसतंय व्हय?"

तेव्हा मला लख्ख कळलं. पेठेत पहिला भाव हा शेवटचा कधीच नसतो. पहिल्या बोलीवर अडून बसणं म्हणजे समोरच्याचा अपमान. आमची पोरं ही चाल दुधाबरोबर शिकलेली. त्यांनी कमी बोटं दिली ती घासाघीस होईल याच हिशेबानं, आणि आण्णांनी ती वाढवली ती हाताच्या सवयीनं. बहुधा त्यांना त्यात लबाडी वाटलीही नसेल. मला त्या दुपारचं सगळ्यात भयंकर वाटतं ते हेच. आमच्या समाधानाची घासाघीस झाली, आणि दोन्ही बाजूंना तो रीतसर व्यवहार वाटला.

माझी पाळी आली. रुमालाखाली तो हात गरम आणि मऊ होता. मी एकच बोट दिलं. त्यांनी शेजारचं बोट चाचपलं, मी मूठ आवळली. मग ते भिंतीला म्हणाले, "तीन."

"एक!" मी ओरडलो.

सगळे हसले. आण्णाही न वळता हसले. "पोरगं नवं हाय. त्येला भाव कळत न्हाय अजून. लिवा, तीन."

हेडमास्तरांनी तीन लिहिले.

पोरं संपल्यावर शिक्षक. ते चटचट आटोपलं. एकाची चार, दुसऱ्याची पाच, तिसऱ्याची पाच. घरी लेकरंबाळं असलेली माणसं ती. मी त्यांना दोष देत नाही, पण विसरतही नाही. शेवटी मास्तर पुढं झाले. मी त्यांची बाही धरली आणि हळूच म्हटलं, "मास्तर, चार द्या. तुम्ही गेलात तर पडवी गेली."

ते थांबले. मला वाटलं, ऐकतील. ते म्हणाले, "चार दिली तर पडवी नीट आहे असं होईल. मग तिथली धूळ कुणाला दिसणार?"

त्यांनी हात घातला. रुमाल हलला, मग अधिक जोरानं हलला. मास्तरांचा चेहरा फळ्यावर गणित मांडताना असे तसाच होता. रुमाल एका बाजूला घसरत चालला होता. शेवटी आण्णा भिंतीकडं तोंड ठेवून बसायचं विसरले आणि मागं वळले. रुमाल खाली पडला. सगळ्यांना दिसलं: मास्तरांचं एक बोट ताठ, आणि बाकीची आण्णांच्या मुठीत.

"मास्तर," आण्णा हळू म्हणाले, "येवडी माणसं सौद्याला राजी झाली. तुमी एकटंच कसं न्हाय?"

"मी विकायला काही आणलं नव्हतं, आण्णा."

आण्णांचा चेहरा उतरला. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते दुखावलेले दिसले, सख्ख्या माणसानं भरल्या ताटावरून उठावं तसे. रुमाल उचलून खांद्यावर टाकत हेडमास्तरांना म्हणाले, "मास्तरांचं लिवू नगा. सौदा मोडला."

साहेब आले, पुरणपोळी जेवले, आकडे बघून खूश झाले. विद्यार्थी आणि शिक्षक बहुतांशी समाधानी आहेत, असा अभिप्राय देऊन ते बेळगावला परत गेले. मदत चालू राहिली. मदत चालू राहिल्याचं वाईट वाटणारा त्या गावात मी बहुधा एकटाच असेन. दिवाळीच्या सुट्टीनंतर मास्तरांना यायची गरज नाही असं सांगण्यात आलं. भांडण नाही, आरोप नाही. पडवीत तंबाखूची पोती लागली. फळा पोत्यांच्या मागं उभा राहिला. त्यावर कुणीतरी अर्धवट सोडवलेली वजाबाकी होती, ती तशीच राहिली. कोपऱ्यातला माठ मात्र जागचा हलला नाही.

मी नंतर मास्तरांना भेटायला गेलो. नंदगडच्या अलीकडं त्यांच्या भावाची शेती आहे, तिथं ते भाताच्या खळ्यावर काम करत होते. मी तावातावानं बोलत होतो, की छापून काढतो, नाव घेऊन लिहितो. त्यांनी मला नाव न घेता लिहायला सांगितलं. नाव घेतलं की लोक त्या एका माणसाला शिव्या देतील, आणि आपल्या गावातला रुमाल तसाच राहील, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी विचारलं, "आक्का कुठवर आली?"

"भागाकार अर्धा राहिला," मी म्हटलं.

त्यांनी हातातलं सूप भाताच्या ढिगावर ठेवलं. "जागा मिळाली तर मी येईन," म्हणाले. "पगार नको. फक्त ती जागा संस्थेची नको आणि कारखानदाराचीही नको."

तेव्हापासून मी जागा शोधतो आहे. देवळाच्या पंचांनी बायका बिडीच्या वासाच्या म्हणून नाही म्हटलं. एका वखारवाल्यानं आधी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी हात जोडले. माझ्या वस्तीवर जागा आहे, पण दिवसभर बिड्या वळून थकलेल्या बायकांनी तेवढं अंतर चालत यायचं कसं? आक्का आता विचारतही नाही. परवा भेटली तर म्हणाली, "इसरत चाललंय रं. तीननं भागायचं आठवतंय, पुढचं न्हाय."

म्हणून मी हे लिहिलं आहे. हळहळ वाटावी म्हणून नव्हे, हळहळ आमच्या गावात भरपूर पिकते. निपाणीत पेठेजवळ ज्याच्याकडं एक रिकामी खोली असेल, छप्पर गळकं असलं तरी चालेल, त्यानं ती दिवेलागणीपुरती द्यावी. स्वतःकडं नसेल तर ज्याच्याकडं आहे त्याला जाऊन मागावी, आणि तो नाही म्हणाला तर का, ते चार माणसांसमोर विचारावं. खोली मिळाली की मास्तरांना घेऊन यायचं काम माझं. पण उशीर करू नका. बायका विसरत चालल्या आहेत.